वळण

हिगाशी-ओसाकात, कालव्याला लागून,
हिरव्या जाळीचा एक उंच पिंजरा आहे.
तिसऱ्या मजल्यावर, बावीस नंबरच्या चटईवर
दर मंगळवारी रात्री मी उभा असतो.
पायाशी हीटर, नाकात रॉकेलचा वास,
आणि जमिनीतल्या भोकातून
रबरी नळीच्या टोकावर बसून
एकेक चेंडू वर येतो, तोंड वर करून.
मार म्हणतो.

"आज चेंडू नाही, कुवाबारा-सान,"
त्सुकिमोतो बाई म्हणतात. वय सव्वीस.
माझे बूट त्यांच्याहून थोरले.
काठी खांद्यांवर आडवी ठेवतात,
हातांची फुली छातीवर.
"नुसतं वळा. डावा खांदा हनुवटीखाली.
हातांना विसरा.
हात पाहुणे आहेत, घर कमरेत आहे."

हातांना कसं विसरू?
एकेचाळीस वर्षं लेथवर
केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक
या अंगठ्याला कळायचा.
तिथे फिरायचं ते लोखंडानं, माणसानं नाही.
भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं:
फिरत्या वस्तूवरून नजर काढू नये.
निशिवाकीनं काढली एकदा,
कुणीतरी मागून हाक मारली म्हणून.
दोन बोटं.
त्यानंतर मी हाकेला वळलो नाही.
"हं" म्हणायचो, पाठीनंच.
घरीसुद्धा.

आता भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहायचं.
काठी मागे जाताना उजवा कुल्ला भिंतीला टेकतो,
पुढे येताना डावा टेकायला हवा.
पहिला महिनाभर मी भिंतीवर नुसता सरकत होतो,
ओल्या खळीवरच्या पोस्टरसारखा.
"सरकणं वेगळं, वळणं वेगळं," बाई म्हणतात,
आणि काखांत टॉवेल कोंबतात,
बंद पडलेल्या स्नानगृहाचं नाव छापलेला.
टॉवेल पडला की पुन्हा.
टॉवेल पडला.
पुन्हा.

मग एकदा आईचं जातं आठवलं,
सोब्याचं पीठ काढायची ती.
खालची तळी घट्ट, वरची फिरती.
दोन्ही एकदम फिरल्या
तर आवाज तेवढा होतो, पीठ पडत नाही.
बाईंना सांगितलं.
त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं,
पुढच्या शिकाऊंसाठी म्हणाल्या.
त्या रात्री पहिल्यांदा
पोटऱ्या जमिनीत रुतल्या,
बरगड्यांच्या मधे काहीतरी पिळलं गेलं, दुखलं,
आणि सुटताना
काठीच्या आधी मीच पुढे निघालो होतो.

चेंडू मात्र उजवीकडेच गेला.
जाळीला एकशेवीस यार्डांवर जे ठिगळ आहे
ते बहुतेक माझंच.

घरी बोळात सराव करतो, केरसुणी घेऊन, हळू.
इतका हळू की मांजर मधून जातं.
टाच, गुडघा, कंबर, छाती, सगळ्यात शेवटी डोळे.
हा क्रम चुकता कामा नये.

परवा मी असाच मागे गेलेलो,
केरसुणी टोकाला पोचलेली,
आणि सायोनं स्वयंपाकघरातून हाक मारली.
हं म्हणायच्या आत
टाच निघाली, गुडघा निघाला,
बेंबीच्या देठापासून वळलो मी,
सबंध, पोटासकट,
आणि डोळे शेवटी तिच्यावर आले.

हातात पळी. मानेवर केस नाहीत.
"केस कधी कापलेस?"
"ऑक्टोबरात."
फेब्रुवारी चालू आहे.

फटका संपला की
तसंच थांबून तीन आकडे मोजायचे असतात,
तोल न जाऊ देता.
केरसुणी खांद्यावर. छाती तिच्या दिशेला.
एक.
दोन.
"सूप निवतंय," ती म्हणाली.