डावा पंख

खोक्यावर छापलंय: वय वर्षे चौदा आणि पुढे.
मी त्रेसष्ट. म्हणजे चालतंय.

आत बाल्साचं लाकूड,
पापडाएवढं हलकं, आणि पापडासारखंच
अंगठ्याची एक चूक माफ न करणारं.
जुन्या महायुद्धातलं लढाऊ विमान, पंख चार फुटी.
उजव्या फासळ्या अकरा, डाव्या दहा.
चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. दहाच.
सातवी डावी नव्हती.

एकतीस वर्षं मी ओझरला डावा पंख केला.
फक्त डावा.
उजव्यावर पलीकडच्या शेडमध्ये गायधनी.
आम्ही डबे एकत्र खाल्ले, भांडलो,
त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली.
आमचे पंख मात्र तिसऱ्याच हँगरमध्ये जोडले जायचे,
आमच्या माघारी.

सातवी फासळी मी द्राक्षाच्या पेटीतून कापली,
पेट्या लाकडी असायच्या तेव्हाची, पिंपळगावची,
माळ्यावर पडून होती.
ती जरा जड भरली.
मग उजव्या टोकात दहा पैशांचं जुनं नाणं चिकटवलं.
इतक्या वर्षांनी त्याला बाजारात काही किंमत आली.

डिंक बोटांवर वाळला.
नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेलो,
यंत्र म्हणालं, अंगठा जुळत नाही.
खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, हात धुऊन या.
धुतले. तरी नाही.
पेन्शनच्या कागदांवर मी तीन दिवस
जिवंत नव्हतो.

कुमुदची इस्त्री पंखावर फिरवली,
रंगीत कागद ताणून बसला, सुरकुती नाही.
तिच्या इस्त्रीला मात्र निळं काहीतरी लागलं
आणि तिच्या पांढऱ्या साडीवर
आकाशाचा एक डाग उमटला.
त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट तिलाही सांगितली नाही.
पेपरात छोटी चौकट यायची, राजस्थानात, पंजाबात कुठे,
विमान कोसळले, चौकशीचे आदेश.
मी शेपटीचा नंबर शोधायचो.
बहुतेक वेळा छापलेला नसायचा.
रिव्हेटच्या प्रत्येक ओळीशेवटी माझा शिक्का: एकशेचौदा.
त्या रात्री मी ओळी मोजत पडायचो,
झोप लागली तर चौदाव्या बरगडीपाशी लागायची.

वैमानिक प्लॅस्टिकचा, कमरेपर्यंतच.
त्याच्या पाठीमागे मी एक रिव्हेट ठेवला,
सत्त्याऐंशी साली खिशात राहून घरी आलेला.
नाकारलेला होता. तरी चोरी ती चोरी.
वजनात तो मोजला जात नाही.

मोटर, बॅटरी, रिसीव्हर तौसीफने बसवलं,
द्वारकाला मोबाईल दुरुस्त करतो, वय बावीस.
म्हणाला, जाताना सोपं असतं काका.
समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं,
तेवढं लक्षात ठेवा.

मखमलाबादच्या पुढचा माळ. निफाडला पारा सहावर गेलेली सकाळ.
गवतावर दव, रिमोटवर माझी आखडलेली बोटं.
ते धावलं, उचललं,
बागांवरून गेलं आणि पाखरांचा थवा फुटला.
राखणदार लांबून ओरडला, रोज या!

मग वळलं.
आणि माझ्याकडे यायला लागलं.

इतक्या वर्षांत माझं विमान
माझ्याकडे येताना मी पाहिलं नव्हतं.
डावा पंख उजव्या हाताला,
फासळ्यांच्या सावल्या कागदातून दिसत होत्या,
सातवी जरा काळपट.
तौसीफ ओरडत होता, डावीकडे, काका, डावीकडे!
मी विचारात पडलो, कुणाच्या?

द्राक्षांवरच्या जाळीने ते झेललं.
शिडी लावून उतरवलं.
वैमानिक जागेवर, रिव्हेट जागेवर,
सातवी फासळी शाबूत.
मोडला तो उजवा.

संध्याकाळी गायधनीला फोन लावला,
सहा वर्षांनी.
तो हॅलो म्हणायच्या आत म्हटलं,
अरे, तुझं काम निघालंय.