तहान

मी कवळ्या बनवते.
परळच्या मागल्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत
दिवसभर गुलाबी हिरड्या घासते,
परक्या तोंडांचे दात एकेक करून मेणात रोवते.
संध्याकाळी तीच हत्यारं पिशवीत टाकून घरी येते,
प्रोब, चिमटा, तोंडात फिरवायचा इवलासा आरसा,
आणि ग्रिलमधल्या निवडुंगांच्या काखा तपासते.
पिठ्या ढेकूण काखेतच लपतो.

एकोणसाठ कुंड्या.
शेजारच्या कामेरकर वहिनी म्हणतात,
घरात काटा असला की भांडण येतं.
येतंच. पंख्यावरून.
जुलैभर टेबलफॅन यांच्याकडे तोंड करून
आणि नवरा पाठ फिरवून, घामाघूम.
त्याच वहिनी ब्रह्मकमळ फुललं की
रात्री बाराला अख्खा मजला उठवतात,
हळदकुंकू वाहतात, पेढे वाटतात.
तोही निवडुंगच, हे मी त्यांना
अकरा वर्षं सांगितलेलं नाही.
पेढे चांगले असतात.

लोकांना वाटतं याला काही लागत नाही.
अहो, या शहरात मीठसुद्धा बरणीत रडतं.
काडी पेटत नाही, पापड वातड होतात,
कपाटातल्या शालूला बुरशीचा वास.
इथे झाडाला पाणी घालणं सोपं;
मी पाणी अडवत बसते.
झाडं आपापली वाढतात.
मी फक्त त्यांची तहान सांभाळते.

हे शिकवलं बावतीस मिस्किटांनी,
कलिन्याच्या गावठाणात, क्रुसाशेजारच्या बैठ्या घरात.
विटेचा चुरा, कोळसा, नदीची वाळू, खाडीची नाही.
"पाणी आलं आणि गेलं पाहिजे गो बाय,
पाहुण्यासारखं. राहायला नाही."
डोळे गेल्यावर ते बोटांनी ओळखायचे.
टोचलं की नाव सांगायचे,
आणि चुकले तर दुसऱ्या बोटाने पुन्हा टोचून घ्यायचे.

घर पाडलं तेव्हा दोनशेबारा कुंड्या वाटल्या.
एकोणिसाव्या मजल्यावर
खिडकी चारच बोटं उघडते.
मला दिली बिशपची टोपी:
पाच कडा, अंगभर खडूचे ठिपके, एकही काटा नाही.
छत्तीस वर्षांची. बियांपासून केलेली.
"हिला मी टोचून ओळखत नाही," म्हणाले,
"हात फिरवून."

श्रावणात तिचा बुडखा मऊ लागला.
सुरी स्पिरिटने पुसली. कापलं.
आत तपकिरी. पुन्हा कापलं. तपकिरी.
किडलेला दात कोरताना डॉक्टर कुठे थांबतात
हे मी कधी बघितलेलं नव्हतं,
माझ्याकडे दात गेल्यावरच माणसं येतात.
चौथ्या चकतीला हिरवं दिसलं, काकडीसारखं ओलं, स्वच्छ.
हातात उरली मुठीएवढी.
दालचिनी चोळून कोरड्या कपबशीच्या कपावर ठेवली
आणि मुळांची वाट बघत बसले.

दर रविवारी त्यांचा फोन.
"बिशप काय म्हणतात?"
"बऱ्या आहेत," मी म्हणायचे,
आणि चकतीचा सुकलेला टवका
अजून टेबलावरच असायचा, मोडीत निघालेल्या नाण्यासारखा.
तीन रविवार खोटं बोलले.
चौथ्या रविवारी तेच म्हणाले,
"कुठवर कापलंस?"

मी सांगितलं. सगळं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसता लिफ्टचा आवाज.
मग, "हिरवं लागल्यावर थांबलीस ना? बस्स."

काल रात्री भांडी आवरून
आरसा खालून धरला.
कापलेल्या जागी, खपलीच्या मधोमध,
एक पांढरं टोक. दातात अडकलेल्या दोऱ्याएवढं.
साडेअकरा झाले होते. तरी फोन लावला.
त्यांनी दुसऱ्याच घंटेला उचलला, जागेच होते.

"आलं," मी म्हटलं.

"पाणी नको घालूस," ते म्हणाले.
"अजून आठ दिवस."