पुढचे दोघे

ठाकूरद्वारच्या नाक्यावर मोघ्यांचं हॉटेल होतं,
तिथे आता औषधांचं दुकान आहे.
दर चार तारखेला मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जातो.
कपाटं काचेची, थंडी मशीनची.
खांब तेवढा जुना. बिडाचा, माथ्यावर पानांची नक्षी,
आता पांढरा रंगवलेला.

या खांबाला टेकून भिकाजी घाडी उभा असायचा,
खांद्यावर फडका, कानावर पेन्सिल,
जी त्याने कधी वापरली नाही.
सगळं तोंडी.
कोणी जादा पाव मागितला, कोणी एक पियूष दोघांत घेतलं,
आणि आपण उठून बडीशेपेच्या बशीशी पोचायच्या आत
मागून त्याचा आवाज गल्ल्यावर आदळायचा :
काळी टोपी, दोन दहा!
छत्रीवाले, बारा आणे!
पुढचे तिघे, माणूस, बाई, पोरगं, तीन साठ!

पोरगं म्हणजे मी.
वडील छापखान्यात प्रुफं तपासायचे.
त्यांना ते ओरडणं खपायचं नाही,
गावभर कशाला आपला हिशेब?
आई पदराआड हसायची.
मोजतंय ना कोणी आपल्याला, म्हणायची.

छापखान्याला टाळं लागलं ते दिवाळीच्या तोंडावर.
त्यानंतर एकदाच गेलो, मी आणि वडील,
का गेलो, अजून कळलेलं नाही.
मी दोन बटाटेवडे खाल्ले, वर खरवस.
त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, फार वेळ फुंकत.
उठलो.
मागून आवाज आला, नेहमीसारखाच खणखणीत :
पुढचे दोघे, एक चहा!

वडील थांबले. वळले नाहीत.
गल्ल्यावर मोघ्यांनी मान वर केली,
भिकाजीकडे पाहिलं,
आणि एका चहाचे पैसे घेतले.
भिकाजीचा हिशेब चुकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका
लाल शाईने पकडणाऱ्या माणसाने
ती एक तशीच राहू दिली.
गायवाडीपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाले, खरवस गोड होता का रे?

आज काउंटरवरचा मुलगा मान खाली घालून
वीतभर लांब कागद हातात देतो.
नाव, वय, मोबाइल नंबर, सगळं बरोबर छापलेलं.
पायरी अजून तीच आहे, मधोमध झिजलेली.
उतरताना मी उगाच
जरा हळू होतो.