आठ दिवसांच्या बोलीवर

वडील कातडी सीट एका दिवसात कधीच विकत नसत.
गिऱ्हाइकाची नोट गल्ल्यात जायची नाही,
वहीत जायची, घडी घालून, त्याच्या नावाच्या पानात.
म्हणायचे, आठ दिवस बस. शिरोड्याक जा,
मोचेमाडची घाटी चढ,
नाय जमला तर परत हाड.
तुझ्या बुडाचा माका काय कळता?

वेंगुर्ल्याच्या हवेत कातडं म्हणजे भांडणाचा विषय.
तिरोडकर पोस्टमन म्हणत, खोबरेल लावा.
स्वतः लावलं,
रात्रीत उंदरांनी चोचीकडचा अर्धा भाग नेला.
इनास पाववाल्याचं म्हणणं भिरंडेल,
टाचांच्या भेगांना चालतं ते हिला का नको?
बुधाजी केळुसकराने होडीचं उरलेलं मुशीचं तेल चोपडलं
आणि दाभोलीपासून मठापर्यंतची कुत्री
मासळीची टोपली सोडून सीटमागे लागली.
तरी सहा दिवस बसला तो. सातव्या दिवशी परत.
वडिलांनी लांबूनच वास घेतला, नोट दिली.
ती सीट पुढे कुणालाच खपली नाही.

इनासचीही परत आली.
आमच्या पाद्रीच्या उपदेशासारी आसा, म्हणाला,
अर्थ कळायसर बूड दुखता.

वही फुगत गेली, गल्ला रिकामा,
तेव्हा आई एकदाच बोलली:
ह्यो धंदो काय सोयरीक?
वडील नट आवळत होते, पुढचा, पाव फेरा,
त्याहून जास्त कधीच नाही.
मी इकतंय ता नुसता कातडा, म्हणाले.
सीट गिरायक करता.

एकाच बाईने कधी मत दिलं नाही.
आरवलीच्या नर्सबाई, इंदुमती परुळेकर.
आठ दिवस गेले, आठ महिने,
बावीस वर्षं.
लसींचा डबा कॅरियरवर, पिशवी डाव्या खांद्यावर,
दुकानावरून जाताना घंटी वाजवायच्या, थांबायच्या नाहीत.
वडील गेले त्या वर्षी निवृत्त झाल्या,
सायकल भाच्याला दिली
आणि सीट काढून माझ्याकडे घेऊन आल्या.
बोली होती ना? परत आणलीय.
मी वही उघडली. पान अकरा.
पाचशेची नोट तिथेच होती,
आता बँकही जिला हात लावत नाही.
बाईंनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली, नीट,
हिशेब मिटला म्हणाल्या.

काल पुण्याचे चौघे आले, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघालेले.
सोलकढी पीत सीटचं वजन ग्रॅममध्ये सांगत होते,
मधे फट हवी की नको यावर दोघांचं वाजलं.
एकाच्या मते कातडं म्हणजे निव्वळ हौस,
असं तो उभ्याउभ्याच म्हणाला, बसवत नव्हतं त्याला.
तिसरा खिळ्याकडे बघत राहिला:
तपकिरी, कडांना काळी, रिव्हेटा हिरव्या पडलेल्या.
ही द्या. तयार आहे. नव्याच्या दुप्पट देतो.
तयार आहे, म्हटलं, तुमच्यासाठी नाही.

मग नवी काढली. आठ दिवसांची बोली सांगितली.
हसला. आठ दिवसांनी मी ऑफिसात असेन.
कुरियर करा, म्हटलं.
काउंटरवरचा डबा ओरडला, इतके रुपये मिळाले.
ह्या पैशाला घडी घालता येत नाही.
तरी वहीत एक पान केलं, देवव्रत,
आडनाव विचारायचं राहून गेलं.

श्रावणात नर्सबाईंच्या सीटवर पांढरी बुरशी धरते.
दर मंगळवारी मी भिरंडेल लावून पुसते.
इनासचंच खरं होतं, एवढ्यापुरतं.
दोन खळगे आहेत. उजवा खोल.
पिशवी तर डाव्या खांद्यावर असायची,
म्हणजे डावा खोल पडायला हवा.
बाई घाटी चढताना कुणीकडे कलत होत्या,
एकदा आरवलीला जाऊन विचारलं पाहिजे.