मध्यंतरानंतरची बहीण

बर्डीवर एका संस्थेच्या हॉलमध्ये फुकट सिनेमा होता,
रविवारी, साडेदहाला.
मे महिना. दोन कूलर, त्यातला एक नुसताच घरघरणारा.
हेमराजला मी कडेच्या खुर्चीवर बसवलं,
मधेच उठावं लागलं तर कुणाचे गुडघे आडवे नकोत.
सिनेमा कुठलाही असो, मी आधी दार बघून ठेवते.

पडद्यावर एक मुलगा होता, चालता न येणारा.
त्याची आई होती, तिचे डोळे जवळून दाखवले, पुन्हा पुन्हा.
आणि एक बहीण, बहुधा धाकटी.
ती दार उघडायची. पाणी आणायची.
एकदा दप्तरासकट उंबऱ्यात उभी राहिली, काहीतरी सांगायला,
आणि आई म्हणाली, नंतर सांग.

मग मध्यंतर झालं.
नंतर ती आलीच नाही.

मी वाट बघत होते, खरंच.
मुलगा पहिल्यांदा उभा राहिला, हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज,
आणि मी टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्यांच्या मागे
तिची वेणी शोधत होते.

तेवढ्यात हेमराज हसला. भलत्याच जागी, मोठ्यानं.
पुढच्या दोन माना वळल्या, रागानं,
मग आम्हाला पाहून मऊ झाल्या.
तो मऊपणा मला पाठ आहे.
बँकेच्या रांगेत मिळतो.
मला बघायला आलेल्या वर्ध्याच्या पाहुण्यांनीही दिला होता,
पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता.

चर्चेत एक सर आईच्या त्यागावर बोलले.
एक मॅडम प्रकाशयोजनेवर.
मी हात वर केला नाही, हातात रुमाल होता,
हेमराजची हनुवटी पुसत होते.
आणि विचारणार तरी काय?
ती पोरगी नंतर काय सांगणार होती, हे?

ऑटो रिझर्व्ह बँक चौकात सिग्नलला थांबला.
सीट तव्यासारखी. रस्त्यावर माणूस नाही.
हेमराज माझ्याहून चार वर्षांनी मोठा,
पण मला ताई म्हणतो.
मी सात वर्षांची असताना आईनंच लावलं त्याला ते वळण.
त्यानं शब्द जुळवायला घेतले.
सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला,
ऑटोवाला आरशातून बघत राहिला, हॉर्न नाही, काही नाही.

'ताई. ती. पोट्टी.
तिची चप्पल तुटली होती.
घेतली का मंग, नवी?'

मी तो सिनेमा डोळे फाडून पाहिला होता.
चप्पल मला दिसली नव्हती.

'घेतली असन,' म्हटलं मी.
त्याला ते पटलं नाही.
वाकायला त्याला वेळ लागतो, आधी खांदा, मग मान,
मग ती न उघडणारी बोटं.
सदर येईपर्यंत तो वाकत होता.
मग त्यानं माझ्या चपलेचा पट्टा
दोनदा ओढून पाहिला.