चार थेंब

हे इंजिन मुळात नावेचं नाहीच.
बुडीत गेलेल्या वावरातल्या विहिरीवरून उचललेलं,
साडेसहा हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर,
टाकीवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख
खिळ्याने कोरलेली.

सकाळी हँडल मारलं तर नुसता ढेकर.
"हवा धरली," फुलवंताबाई म्हणाली, "नट ढिला कर."
नळीतून आधी बुडबुडे,
मग बुडबुडे आणि डिझेल,
मग सरळ, न तुटणारी धार.
"आता आवळ. लय नोको, पितळ हाय ते."

तांब्याचा वायसर तिने चुलीत लाल केला,
पाण्यात टाकला. चर्र.
असा मऊ झाला की पुन्हा बसतो म्हणे.
नवा आणायचा तर पवनीला जावं लागतं
आणि पवनीला जायला नाव लागते.

इंजिन धरलं. नाव खुंट्यालाच बांधलेली.
शाफ्टच्या ग्लँडमधून पाणी झिरपत होतं,
मी पाना पार शेवटपर्यंत फिरवला.
गळती बंद. मी खूश.
तिने हातावर चापट मारली.
"कोरडा शाफ्ट जळते बे!
मिनटाले चार थेंब गळाले पायजे.
मोज."

नट अर्धा फेरा मागे घेतला. मोजत बसलो.
घाटावर शाळेची पोरं, दोन बकऱ्या,
गॅसची टाकी घेतलेला मारबते, सगळे खोळंबलेले.
एक.
तिने कपाळावरचं काळं पदराने पुसलं,
ते आणखीच पसरलं.
दोन. तीन.
चौथा कडेला लोंबकळत राहिला,
चांगला फुगला,
पडेचना.

"आला का?"
"थांब."
बकरी ओरडली.
"आला."
"मंग सोड दोर."