जडसंग्रह

दारव्ह्याच्या फाट्यावर आमची शाळा.
तिच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात
एक माणूस चौपन्न वर्षं उभा होता.
नोंदवहीत असा: मानवी सांगाडा, नग एक,
कलकत्त्याहून, रेल्वे पार्सलनं,
किंमत दोनशे चाळीस रुपये, हमाली वेगळी.

मी विज्ञान शिकवतो. देव मानत नाही.
कोणी विचारायच्या आत सांगूनही टाकतो.

परिचर तुळशीराम नेहारे दर सर्वपित्रीला
कपाटापुढे द्रोण मांडायचा, वडे आणि कढी.
मी म्हणायचो, तुळशीराम, कॅल्शियम फॉस्फेट जेवत नाही.
तो म्हणायचा, मालूम हाय जी,
आणि तोच द्रोण माझ्याकडे सरकवायचा.
मी खायचो.
कढी फार चांगली असायची.

यंदा चैतात परिपत्रक आलं:
खरी हाडं ठेवू नयेत, प्लास्टिकचा सांगाडा येत आहे.
जुन्याचं काय करायचं
ते परिपत्रकात नव्हतं.

ढोके मॅडमच्या खोलीत पंख्याखाली आम्ही बसलो.
मॅडम म्हणाल्या, अडाणात सोडू, भटजींना विचारून.
अडाणात तेव्हा पाणी नव्हतं,
टिप्परची चाकोरी तेवढी होती.
हमीद सर हळूच म्हणाले, माती दिलेली बरी.
मग तुळशीरामनं दारातूनच विचारलं,
सर, पण हा जाळाचा का पुराचा?
कोणाचा व्हय हा?

सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जणू हे माझ्याच खात्यात येतं.
मी जे सांगता येतं ते सांगितलं.
ओटीपोटाच्या हाडांवरून पुरुष.
अक्कलदाढा आलेल्या, पण झिजलेल्या नाहीत, म्हणजे पंचविशीतला.
डाव्या नडगीचं हाड एकदा मोडून जुळलेलं,
म्हणजे दीड-दोन महिने कोणीतरी त्याला
बसल्या जागी भाकर दिली होती.
त्याचा देव हाडात सापडत नाही.
देव नसणंही सापडत नाही, मॅडम.
हे दुसरं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पोरं गेल्यावर
आम्ही दोघांनी त्याला टेबलावर घेतलं.
खर्डा धरून मी हाडं मोजली.
दोनशे सहा पाहिजेत. दोनशे भरली.
पुन्हा मोजली. दोनशेच.
मग लक्षात आलं, कानातली सहा नाहीत:
हातोडी, ऐरण, रिकीब, दोन्ही बाजूंची.
तांदळाएवढी असतात, कलकत्त्यातच सांडली असतील.

तुळशीराम खुर्चीवर टेकला. बराच वेळ हसला.
म्हंजे यानं माह्यं बी नाही आयकलं
अन् तुमचं बी नाही.

पक्कड आणून त्यानं तारा सोडवायला घेतल्या.
मी म्हणालो, कशाला, तशीच गुंडाळू.
तो म्हणाला, बांधलेला कसा जाईन जी?
याला माझ्याकडे उत्तर होतं, पाठ्यपुस्तकातलं, बरोबर उत्तर.
दुसरी पक्कड घेऊन मी पायाकडून सुरुवात केली.
गंजलेली तार मनगटाच्या हाडात अडकली,
तुळशीरामचा हात जोरात फिरला,
आणि मी म्हणालो, सावकाश. दुखेल.

तो थांबला. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं,
एवढा तो सभ्य आहे.

प्रयोगशाळेमागे पळसाखाली खड्डा.
हमीद सरांनी ओंजळभर माती टाकली,
मॅडमनी हळदकुंकू, तुळशीरामनं वडा.
मी रिकाम्या हातांनी उभा होतो, तेही एक टाकणंच होतं बहुतेक.

प्लास्टिकचा बुधवारी आला, हसरा, पांढराशुभ्र.
कपाट उघडताना आता बिजागरी कुरकुरते,
तुळशीरामनं तेल घालणं सोडलंय.

नोंदवहीत निर्लेखनाच्या कारणाचा रकाना असतो.
मी आधी लिहिलं, जीर्ण. खोडलं.
लेखापरीक्षक पुढच्या महिन्यात येईल,
आणि त्याला सरळ लागतं, एका शब्दात.
रकाना अजून कोरा आहे.